माझं भांडण बंद पडलं तेव्हा

"तुम्हाला डिप्रेशन आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला तर म्हणत नाहीत ना! मागे फक्त माझा नवरा, आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं: हिला?

त्याचं काही चुकलं नाही. नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत माझ्या तोंडाची ख्याती आहे. मला बघून भाजीवाला आधीच भाव कमी सांगतो.

मॅडमनी समजावलं. डिप्रेशन म्हणजे नुसतं वाईट वाटणं नाही. झोप, भूक, हुरूप सगळंच आटतं आणि बरेच दिवस परत येत नाही. शुगर-बीपीसारखा तो आजार आहे. आळस नाही, नाटकही नाही.

माझं तसंच झालं होतं. मी ब्लाऊज शिवते. लग्नसराईची कापडं मशीनशेजारी साचली होती आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी नसले तर यांचं बरं होईल, असंही एकदा मनात आलं. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. पण कोणाच्या तरी मनात आत्ता हेच चाललं असेल, त्याने ते आत ठेवू नये, जवळच्या माणसाला सांगून टाकावं.

नवरा म्हणायचा ऊन लागलं. आजार पकडला तो सासूबाईंनी. आमचं रोज वाजायचं, चहातल्या साखरेपासून सुरुवात. एका सकाळी त्या त्याला म्हणाल्या, "हिले दवाखान्यात ने गा. कितीक दिवस झाले, मले उलटून बोलली नाही."

नागपूरच्या उन्हात तोंडाला स्कार्फ सगळ्याच बांधतात. पण मॅडमच्या वेटिंग रूममध्ये कूलर सुरू असूनही एकीनेही सोडला नव्हता. मीही नाही. बाकावर जागा नव्हती इतकी माणसं, म्हातारे, कॉलेजची पोरं. अख्ख्या शहराला हेच झालंय काय, असं वाटलं. आणि तरी जो तो एकटाच.

अँटीडिप्रेसंट, म्हणजे मन सावरायच्या गोळ्या, सुरू झाल्या. असर दिसायला काही आठवडे लागले. जरा बरं वाटलं आणि मी दीडशहाणीने त्या आपल्याच मनाने बंद केल्या. त्या वेटिंग रूममध्ये ओळखीचं कोणी भेटलं तर? पुन्हा अंथरूण धरलं, आधीपेक्षा वाईट. आता मी कुठेच येणार नाही, असं सांगून टाकलं.

सासूबाई साडी बदलून दारात आल्या. "तू नको येऊ. दवाखान्यात मी चालली," म्हणाल्या आणि खरंच रस्त्याला लागल्या. मग मला आणि नवऱ्यालाही मागे जावंच लागलं.

मॅडम रागावल्या नाहीत. विचारल्याशिवाय गोळ्या सोडायच्या नाहीत, एवढं बजावलं. मग विचारलं, घरात आधी कोणाला असा त्रास होता का? मी नाही म्हटलं.

"मले होतं," सासूबाई म्हणाल्या.

आजी, मी रक्ताच्या नात्याचं विचारतेय, असं मॅडम हसून म्हणाल्या.

"रक्ताचं नसन. पण घर तर एकच आहे ना." मग खाली बघत त्यांनी सांगितलं, "हा लहान होता तवा मी उठतच नव्हती. सगळे आळशी म्हणत. मीबी तेच समजत होती."

त्या वर्षी आपण शाळेत डबा नेत नव्हतो, एवढंच नवऱ्याला आठवत होतं. का, ते आज कळलं. मॅडम म्हणाल्या, असं बिननावाचं दुखणं घरोघरी आहे. कामं बुडतात, संसार खचतात, कधी माणसंही जातात, आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो.

बाहेर येताना सासूबाईंनी स्वतःचा पदर सोडून माझाच स्कार्फ ओढला, डोळे पुसले आणि वर नाकही शिंकरलं. आता तो बांधणार कोण? मी उघड्या तोंडाने निघाले. बाकावरच्या एकीने मला ओळखलं, आपला स्कार्फ हनुवटीखाली ओढला आणि हसली. माझंच गिऱ्हाईक! तिचा ब्लाऊज अजून माझ्याकडेच पडला होता.

तो मी शिवून दिला. गोळ्या अजून सुरू आहेत. तुमच्या घरातलं भांडखोर माणूस गप्प झालं, तर सुटलो म्हणू नका बरं.

परवा सासूबाईंनी चहा दिला. एक घोट घेऊन मी म्हटलं, हा चहा आहे की पाक? एरवी त्यांनी मला सोडलं नसतं. पण त्या आपला कप घेऊनच वळल्या, आणि आतल्या खोलीत नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "बोलली गा."