घरच्या विहिरीचं पाणी

पाटील गाडीतून उतरत नसत. माझ्या दुकानासमोर ऐन रस्त्यात गाडी उभी करायची आणि मी बाहेर येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढायचा नाही. मी आलो की काच खाली करून म्हणायचे, "गाडी बराबर हाये. तूच बराबर नाई." असा एखादा माणूस तुमच्याही नशिबी आला असेल. मला त्यांचा मनापासून राग यायचा, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

खामगावात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पाटलांची गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, काळी, गोल दिव्यांची. तिला वायपर होते, पण काचेवर पाणी मारायची सोय नव्हती. संग्रामपूरकडच्या त्यांच्या गावाहून येताना काचेवर धूळ बसायची आणि वायपर ती नुसती फासायचे. म्हणून पाटलांना बॅटरीवरचा वॉशर, म्हणजे काचेवर पाणी उडवणारा छोटा पंप, हवा होता. वर अट, "बापाच्या गाडीले नवं भोक पाडशीन त हात तोडून टाकीन!" मी स्विच डॅशबोर्डखाली लपवला, पाण्याची पिशवी बॅटरीशेजारी टांगली, धार सोडणारे दोन नोझल बोनटमागच्या जाळीत अडकवले. स्विच दाबताच काचेवर पाणी उडालं. पाटलांना हसू आलेलं मी पाहिलं. पण बोलले काय? "बुढ्या बैलावानी मुतून राह्यला तुहा पंप."

थोड्याच दिवसांत पुन्हा हॉर्न. पाणी येत नव्हतं. फ्यूज पाहिला, अर्थिंगची वायर घासली, नळी फुंकली. पंप तर गुरगुरत होता. शेवटी नोझलात टाचणी घातली, तेव्हा पांढरा भुगा निघाला आणि धार सुटली. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेला तेच. तोवर पाटलांनी चहाच्या टपरीपुढे गाडी थांबवून जाहीर करून टाकलं होतं की मी नकली पंप बसवतो. जळफळाट झाला माझा.

एकदा पिशवी काढली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थू! मी म्हणालो, "पाटील, पानी खारं हाये तुमचं. नोझलात मीठ बसून राह्यलं."

"जबान सांभाळ बे! माह्या बापानं खोदलेली विहीर हाये ते. गोड पानी हाये."

आमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिथे हा माणूस खाऱ्याला गोड म्हणत होता. मी विचारलं, "पेता बी हेच?"

"मंग काय गटारीचं पेऊ?"

मागच्या सीटवर पाटलीणबाई बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "गावात नळ आला हो भाऊ. पन हे घरात येऊ देत नाईत. मी आनलेली घागर उलथून देल्ली."

"तू चूप बस!" पाटील गरजले.

माझं डोकं फिरलं. त्या पट्ट्यातली किडनीची माणसं मी पाहिलेली होती. "मरसान पाटील! अन् बाईलेबी मारसान!"

"वायरी जोड. डाक्टर नको बनू."

मी नळाच्या पाण्याची कॅन त्यांच्या डिक्कीत ठेवली. त्यांनी ती माझ्याच दुकानापुढे रिकामी केली. गाडीतून उतरलेले मी त्यांना तेवढे एकदाच पाहिले. मीही ओरडलो, "पुन्हा येऊ नका. दुसरा मेकॅनिक पाहा."

"दुसऱ्याच्या हाती बापाची गाडी देऊ काय?" म्हणाले आणि निघून गेले. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

मग त्यांचा चेहरा सुजायला लागला. पाय चपलेत मावेनात. पुतण्या गाडी चालवू लागला आणि पाटील शेजारी बसून रक्त धुवायला अकोल्याला जाऊ लागले. विहिरीनंच हे केलं असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. मी म्हणतो. जाता जाता पुतण्याचा हात सारून ते स्वतः हॉर्न वाजवत. मी टाचणी घेऊन जायचो. शेवटच्या खेपेला म्हणाले, "गाडी बराबर हाये..." आणि पुढचं बोललेच नाहीत. शिवी हवी होती मला. नळाचं पाणी भरू का, विचारलं. त्यांनी मान फिरवली.

पाटलांची तेरवी झाल्यावर एका सकाळी तोच लांब हॉर्न वाजला. "काऊन कोकलून राह्यले बे!" म्हणत मी सवयीनं बाहेर धावलो. हॉर्नवर पाटलीणबाईंचा हात होता. पुतण्या टपरीकडे गेला होता.

बाई स्वतः उतरल्या. बोनट उघडायला लावलं. पिशवी काढून घेतली आणि विहिरीचं उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं, पाटलांनी माझी कॅन ओतली होती तिथेच. म्हणाल्या, "भर भाऊ आता नळाचं. घरीबी तेच पेते मी."

मी पिशवी भरली, टाचणीनं दोन्ही नोझल मोकळे केले, खिडकीतून हात घालून स्विच दाबला. दोन धारा नीट वर गेल्या. वायपर फिरले आणि काचेवरचे पांढरे ओघळ पुसले गेले.

काच साफ झाली. आत कोणीच नव्हतं.