तू फक्त सही कर

गाव सोडलं त्या सकाळी गाडी निघायला पाऊण तास उशीर झाला, कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी केळीचा ट्रॅक्टर अडकला होता. मोठा मुलगा हेमंत पुण्याहून मला न्यायला आला होता. तो सारखा घड्याळ बघत होता आणि मी मनात म्हणत होते, अडकू दे अजून थोडं. धाकटा नितीन कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा आणि भरताची वांगी डिकीत बसवत होता. त्याची बायको मनीषा पाया पडली तेव्हा तिचे डोळे भरले होते. शेजारणी जमल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, सरपंचीणबाई चालली. खरंच, रावेर तालुक्यातल्या त्या गावाची मी पाच वर्षं सरपंच होते. पुण्यातल्या सोसायटीतल्या बायकांना हे कळलं की त्या माझ्याकडे कौतुकाने बघतात, आणि मला लाज वाटते. का, ते आज सांगून टाकते.

आमचे हे गावच्या राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेले. घरात केळीपेक्षा पॅनेलची चर्चा जास्त. सरपंच व्हायचं म्हणून त्यांनी किती वर्षं माणसं जोडली, किती लग्नांत वाढप्याचं काम केलं, आणि ऐन वेळी जागा महिलेसाठी राखीव निघाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र हसत चुलीजवळ आले आणि म्हणाले, फॉर्म भरायचा आहे. मी भाकरी थापत होते. मला वाटलं, रेशनचा असेल.

मी निवडून आले, म्हणजे ते आले. लोक त्यांना सरपंच म्हणत आणि मला वहिनी. सरपंचाच्या खुर्चीत मी बसायची ती झेंड्याच्या दिवशी. बाकी ठरावाचं रजिस्टर पिशवीतून घरी यायचं, मी पदराला हात पुसायचे आणि ते बोट ठेवतील तिथे सही करायचे. एकदा मी वाचायला लागले तर म्हणाले, "तू फक्त सही कर, बाकीचं मी पाह्यतो." रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले. मलाही ते बरंच वाटलं. तेवढाच डोक्याला ताप कमी.

आता कोणी त्यांना वाईट ठरवू नका. मला सिनेमाची आवड, म्हणून महिन्यातून एकदा फटफटीवर बसवून ते मला रावेरच्या टॉकीजला न्यायचे. बायकांची बसायची बाजू वेगळी होती. इंटरव्हलला ते डोअरकीपरच्या हाती माझ्यासाठी शेंगदाण्याची पुडी पाठवायचे, त्यात कधी चुकले नाहीत. मला हिरॉइनने काळा कोट घालून कोर्टात दणकून बोललेलं आवडायचं. त्यांना मुकाट सोसणारी सून आणि घराबाहेर काढलेली आई लागायची. असा सिनेमा सुटला की त्यांचे डोळे लाल झालेले असायचे. फटफटी सुरू करता करता म्हणायचे, बाईच्या जातीवर फार अन्याय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर माझ्यापुढे. यात काही विचित्र आहे असं ना त्यांना वाटलं, ना मला.

आमच्या केळीत तण निंदायला कमल यायची. माझ्याच वयाची, गप्पिष्ट. गावाच्या टोकाला तिची वस्ती, आणि तिथे नळ मंजूर झाला होता. एक दिवस ती आली, काम केलं आणि चहाला न थांबता निघाली. मी हाक मारून विचारलं, रागावलीस का? ती म्हणाली, "वहिनी, आमचा नळ तुम्ही वरच्या गल्लीत नेला. कागदावर सही तुमचीच हाये."

ह्यांना विचारलं. ते म्हणाले, वरच्या गल्लीत आपली मतं जास्त आहेत, वस्तीला पुढच्या खेपेला देऊ. ती पुढची खेप माझ्या पाच वर्षांत काही आली नाही. मी भांडले नाही. आठ दिवसांनी पुन्हा रजिस्टर आलं आणि मी पुन्हा न वाचता सही केली. ही माझी लाज. कमल पुढेही कामाला येत राहिली, पण चहाला कधी थांबली नाही.

ह्यांना जाऊन आता चार वर्षं होतील. इथे पुण्यात मी बाराव्या मजल्यावर राहते. भाजी ॲपवरून येते, वांगी बघूनच भरताची इच्छा मरते. जेवताना हेमंत आणि नातू दिल्लीच्या राजकारणावरून तावातावाने भांडतात, पण आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे दोघांनाही सांगता येत नाही. सिनेमाची मात्र चंगळ. टीव्हीवर नाव बोलायचं की लागला. मागच्या महिन्यात एका दुपारी मी ह्यांच्या आवडीचा सिनेमा लावला. सासू सुनेला अंगणात उभं करते, तिथे ते हमखास रडायचे. तिथे आल्यावर मलाच रडू फुटलं. सुनेसाठी नाही, ह्यांच्यासाठी. तेवढ्यात नितीनचा फोन आला.

गावात जागा पुन्हा महिलेसाठी सुटली होती आणि पंधरा दिवसांपूर्वीच आमची मनीषा सरपंच झाली होती. आता सही कॉम्प्युटरवर होते, ओटीपी सरपंचाच्या फोनवर येतो. मनीषा फोन हातचा सोडत नव्हती. ठराव आधी वाचीन म्हणत होती. नितीन वैतागला होता. "आई, तू समजाव तिले. आबांच्या टायमाले तू कधी काही म्हने का?"

मी टीव्ही बंद केला आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. कमल, नळ, सगळं. तो म्हणाला, "आबांनी असं केलं?"

"सही माझी होती," मी म्हणाले. "मनीषाचा फोन मनीषाजवळ राहू दे."

त्याने फोन ठेवला. रोज फोन करणारा मुलगा, आठ दिवस त्याचा फोन नाही. माझा जीव टांगणीला लागला. त्याच्या मनातला बाप मी मोडला, आणि वर नवरा-बायकोत भांडण लावलं, असं वाटायचं. माझ्यासारख्या उतारवयात मुलांकडे येऊन राहिलेल्या बायकांना विचारा, मागे राहिलेल्या घरात आपल्यामुळे काही बिघडलं तर इथे घास कसा गोड लागेल? शेवटी हेमंतला म्हटलं, ग्रामसभा आहे, मला गावी जायचंय.

ट्रॅव्हल्समधून उतरले तर नितीन मोटरसायकल घेऊन उभा. पिशवी घेतली, प्रवास कसा झाला एवढंच विचारलं. वाटेत केळीच्या भावाचंही बोलला नाही.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. मी बायकांबरोबर सतरंजीवर बसले, नितीन मागे खांबाला टेकून उभा राहिला. ग्रामसेवक सवयीने म्हणाले, ठराव वाचला असं समजून पुढे जाऊ. मनीषा म्हणाली, "नाही, मी वाचते." पहिला ठराव छोटा होता. ज्यांची मंजुरी आहे त्यांनी हात वर करा म्हटल्यावर माझाही हात वर गेला. ग्रामसेवक हळूच म्हणाले, काकू, तुमचं नाव आता पुण्याच्या मतदार यादीत आहे. हेमंतने मागच्या वर्षी ते फोनवरूनच बदललं होतं, आणि तेव्हाही मी न बघता हो म्हटलं होतं.

मी हात खाली घेतला. फार वाईट वाटलं. पुण्यात माझं मत आहे आणि ओळखीचं माणूस नाही. इथे ओट्यावरचा प्रत्येक माणूस माझ्या ओळखीचा आणि मत नाही. तरी घर कुठलं असं विचारलंत तर मी हेच सांगेन, कारण इथल्या एका नळासाठी मला अजून झोप येत नाही. कोणीतरी म्हणालं, बाहेरगावच्यांनी जरा बाजूला बसावं. मी गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले.

मागून नितीनचा आवाज आला. "बसू द्या आईले. ऐकाले काय लागते?"

मी खाली बसले. मनीषाने दुसरा ठराव उघडला, चांगला तीन पानांचा. ती अडखळत वाचत होती, पुरुष जांभया देत होते. पाच वर्षं मी त्या गावाची सरपंच होते. आमच्या ग्रामपंचायतीचा एखादा ठराव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी ऐकला, तो त्या दिवशी.