कोपरातून तिसरी थाप

हडपसरमध्ये बर्फ लागतो तो उसाच्या रसात. तरी आमच्या सोसायटीत बर्फातला एक माणूस राहतो. मच्छिंद्रराव, निवृत्त हवालदार. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्याच भावकीची. तिथला ऊस सोडून हे फौजेत गेले आणि काश्मीरच्या डोंगरांत सतरा वर्षं बर्फावरची स्कूटर चालवून आले. रोज दहाला आमच्याकडे पेपर वाचायला येतात.

त्यांची मुलगी शकू आता तिकडेच पर्यटकांना तसल्या स्कूटरवरून फिरवते. जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला, तेव्हा ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारात होते. ऐकू कमी येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात.

"अण्णा, पुढं मोठा उतार आहे. पलीकडे जायचंय. पाच जण मागं उभे आहेत."

"वारा?"

"रात्रभर होता. नवा बर्फ गुडघाभर."

"खणलंस?"

"काल दुसऱ्या गाड्या गेल्यात इथनं."

"मी कालचं इचारलं न्हाई."

खणायचं म्हणजे काय, ते मला त्यांनी नंतर समजावलं. मोठ्या उतारावर पाऊल न टाकता, त्याच दिशेला तोंड असलेला लहानसा उतार अलीकडे बघायचा. तिथं खड्डा घेऊन बर्फाचा एक खांब मोकळा करायचा आणि त्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. जितक्या लवकर तुटेल तितकं वाईट; मोठ्या उतारावरचा बर्फही तसाच माणसांसकट खाली यायचा.

खड्डा होईपर्यंत फोन चालूच राहिला; मग थापा ऐकू येऊ लागल्या. मी गॅस बारीक केला. मनगटाच्या दहा झाल्या. कोपरातून तिसऱ्या थापेला शकू थांबली.

"तुटला. खाली साखरेसारखा रवाळ थर आहे."

"तुटला कसा?"

"सुरीनं कापल्यासारखा. वरचा सगळा सरकून खाली आला."

मागून कुणीतरी हिंदीत विचारत होतं, मॅडम घाबरल्या का.

"अण्णा, इथं मी एकटीच मुलगी आहे. आज परत फिरले तर उद्या मला कुणी गट देणार नाही."

"आसंल."

"तुम्ही सांगा ना काय करू."

"शके, काल गाड्या गेल्या म्हणून मी बी येकदा गेलो. मागं दिगंबर हुता. त्याची स्कूटर जूनमधी घावली. दिगंबर आगस्टात."

सात वर्षांच्या शेजारात हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग शकूचा आवाज आला, पण आमच्यासाठी नव्हे.

"सब लोग गाडी घुमाओ."

तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पर्यटकांनी लेखी तक्रार दिली, की मॅडम भित्र्या आहेत. शकूला आठ दिवस चहा करायला बसवलं. मी चाचरतच विचारलं, "म्हणजे उगीच फिरली का हो ती?"

"तेराव्या थापंला तुटला, वहिनी. उतार पडो न पडो, तेरा ते तेराच."

नवव्या दिवशी शकूला गट मिळाला. तिचा फोन आला नाही. मच्छिंद्रराव फोन शेजारी ठेवून, पेपर जाहिरातींसकट वाचत साडेबारापर्यंत बसले. जेवायला थांबता का, मी विचारलं.

"वाढा," म्हणाले.