वयनी तापानं गेली नाही

"गेली वो तुही वयनी. तापानं गेली," फोनवर दादा म्हणाला. मी अमरावतीत माझ्या घरी ओट्याशी उभी होते. तोंडातून पहिला प्रश्न निघाला, "तिच्या गोळ्या सुरू होत्या ना?" दादा म्हणाला, "तापात कुठं त्या गरम गोळ्या द्याच्या? बंद केल्या होत्या." रडू नंतर आलं. आधी संताप आला. महिना उलटला, तो अजून गेलेला नाही.

नलूवयनी मूर्तिजापूरकडची. अंजनगाव सुर्जीच्या आमच्या घरी आली तेव्हा खणखणीत आवाजाची, शेतातल्या बायांच्या पुढं चालणारी होती. पल्लवीच्या, म्हणजे दुसऱ्या लेकराच्या वेळी तिला फार रक्त गेलं. बाटल्या चढवल्या, ती वाचली. पण दूध आलं नाही. बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकीला आमची आई ऐकवायची, "माय झाली, अन् दूध नाई!" वयनी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. पाळी परत आलीच नाही. भुवया विरळ झाल्या, आवाज जड झाला, चार पावलं चालली की बसायची. कूलरसुद्धा गरम वारा फेकतो अशा आमच्या मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची. आई म्हणायची, "कामाची नाटकं." आणि पाहुणे आले की दादा तिच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचा. सगळे खो खो हसायचे. ते उघडे दात आठवले की आजही शिसारी येते.

डॉक्टरही तसेच भेटत गेले. कुणी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, कुणी टॉनिक. एकानं तर मान वर न करता सांगितलं, "या वयात बायकांचं असंच असतं." तेव्हा वयनी पस्तिशीचीही नव्हती! दुसऱ्यानं मनाचा आजार ठरवून अशी औषधं दिली की ती दिवसभर झोपूनच राहायची. अशी वर्षं गेली... मग एकदा माहेरी ती चक्कर येऊन पडली, आणि तिच्या भावानं सरळ अकोल्याला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही गेले, दादाही आला. बाईंनी तिच्या भुवयांकडे पाहिलं आणि विचारलं, "शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? नंतर दूध आलं होतं?"

"नाई आलं," वयनी म्हणाली, आणि रडायलाच लागली. "मले आजवर हे कोनी इचारलंच नाई, बाई."

तपासण्या झाल्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती बाळंतपणातल्या रक्तस्रावात करपून गेली होती. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींना हुकूम देणारं कुणी उरलंच नव्हतं. शीहान सिंड्रोम, बाईंनी नाव सांगितलं. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या, मग थायरॉइडच्या, आणि त्या जन्मभर. "ताप आला तर स्टेरॉइडची गोळी दुप्पट. उलट्या झाल्या तर लगेच इंजेक्शन. बंद मात्र कधीच करायची नाही. जिवावर बेतेल." दादा मान हलवत होता.

पुढच्याच उन्हाळ्यात वयनीचा फोन आला, "मले घाम आला वो!" लॉटरी लागल्यासारखी सांगत होती. ती पुन्हा शेतात जायला लागली, स्कूटी शिकली, पेन्सिलनं भुवया कोरायला लागली. चांगली वर्षं होती ती.

पण घरात 'स्टेरॉइड' हा शब्द विषासारखा. हाडं ठिसूळ होतात, अंग सुजतं, जो येईल तो सांगायचा. या वेळी ताप आला, उलट्या सुरू झाल्या, आणि कुण्या ओळखीच्यानं दादाच्या कानात घातलं की स्टेरॉइडनं ताप वाढतो. त्यानं गोळ्यांचं पाकीट उचलून कपाटात ठेवलं. वयनीला उठवतही नव्हतं; तिनं अकोल्याला शिकणाऱ्या पल्लवीला फोन केला, "तुह्या बाबाले सांग, गोळी दे म्हना." पल्लवीनं सांगितलं. तो म्हणाला, "तू अभ्यास कर." ती बस पकडून पोचेपर्यंत वयनीला अमरावतीच्या दवाखान्यात हलवलं होतं; मी त्याच शहरात, पण दादानं मला कळवलंही नव्हतं. रक्तदाब लागतच नव्हता...

तेरवीला आई पंगतीत सांगत होती, "त्या गोळ्यायनंच खाल्लं तिले." समोरचे माना डोलावत बुंदी खात होते. मी पानावरून उठले. "गोळ्यांनी नाही, गोळ्या काढून घेतल्या म्हणून गेली ती!" दादा जवळ आला आणि कुजबुजला, "हळू बोल. लोकं आहेत." बायको गेली आणि या माणसाला लोकांची पडली होती. त्याच्या हातची कुठलीही वस्तू घ्यायला मला त्या दिवसापासून किळस वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे वयनीच्या खोलीत अलार्म वाजला. पल्लवीनं रात्री चार्ज केलेल्या तिच्या मोबाईलवर अक्षरं होती, 'गोळी'. खोलीत तोवर तुरीची पोती रचून झाली होती. "बंद कर वो थे," दादा ओसरीतून ओरडला. पल्लवीनं मोबाईल उचलला, वाजता वाजताच बाहेर नेला आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"वाजू द्या, बाबा."

अकोल्याला परत जाताना तिनं तो तिथंच चार्जरला लावला. दादानं अजून तरी काढलेला नाही.