डिकीतली वाळूची पोती

कारेगावात जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा माझा गाळा आहे. कुणाच्या मदतीशिवाय उभा केलेला. त्यामुळे केडगावजवळच्या मुरमाच्या मैदानावर दाजी चारचौघांत माझ्या छोट्या गाडीला "डबा" म्हणाले, तेव्हा डोकं सणकलं. पण बहिणीचा नवरा. उलट बोलता येईना.

त्या मैदानावर हौशी लोक प्लास्टिकचे लाल कोन मांडतात आणि त्यांच्यामधून एकेक गाडी घड्याळ लावून पळवतात. दाजींच्या गाडीचं इंजिन माझ्यापेक्षा कितीतरी दांडगं. मी हरलो. वळणावर माझी गाडी हलकी पडते, असं मला वाटलं. आमच्याकडे रिकाम्या पिकअपनं मागून उड्या मारू नयेत म्हणून हौद्यात वाळूची पोती टाकतात. मीही डिकीत टाकली आणि सरावाला गेलो.

सरळ वाटेवर गाडी झकास बसून चालली. वळणावर मात्र मागचं टोक गोफणीसारखं फिरलं आणि कोन आडवे झाले.

शिव्या देऊन झाल्यावर मुरमातल्या चाकांच्या खुणा बघत बसलो. राग उतरला, नवल वाटू लागलं. पिकअपला मागची चाकं ढकलतात, तिथं पोती कामाला येतात. माझ्या गाडीला ओढणारी आणि वळवणारी, दोन्ही चाकं पुढचीच. वाळूनं त्यांच्यावरचा भार कमी केला होता आणि मागचं टोक बाहेर फेकायला वजन दिलं होतं.

पोती काढली. स्टेपनी, जॅक, मागचं सीटही काढलं. मग टायरची हवा थोडी थोडी बदलत तेच एक वळण पुन्हा पुन्हा घेतलं. हवा फार कमी केली की टायर मुडपायचा, जास्त भरली की घसरायचा. मधली जागा सापडेपर्यंत जेवणाचीही आठवण राहिली नाही.

पुढच्या स्पर्धेत दाजी सरळ वाटेवर सुसाट सुटले, पण प्रत्येक वळणाआधी त्यांना करकचून ब्रेक लावावा लागला. मला नाही. थोडक्यात का होईना, मी जिंकलो.

"काय बसवलंस रं इंजिनात?" दाजींनी विचारलं.

"बसवलं न्हाई दाजी, काढलं."

"काय काढलं?"

"आधी डबा म्हणलेलं माघारी घ्या. ह्या सगळ्यांसमोर."

"घेतलं बाबा. आता बोल."

मी डिकी उघडली. दाजी आत वाकले. "ह्यात तर कायच न्हाई की!"

माणसं हसली. दाजी तडक आपल्या गाडीकडे गेले आणि डिकीतला भलामोठा स्पीकर ओढू लागले.

"एकट्याला उचलत न्हाई रं, ये जरा!"

मी जागचा हललो नाही. तो स्पीकर दाजींच्या डिकीत राहिलेलाच माझ्या फायद्याचा होता.