सुट्या नाण्यांऐवजी चिठ्ठ्या

सीमेवर लढाई पेटली तेव्हा मी दिल्लीतल्या एका ट्रान्झिट कॅम्पच्या गेटवर नायब सुभेदार होतो. रजेवरून परत बोलावलेले जवान रोज येत आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने पुढे जात. नोएडात नवे सेक्टर उभे राहत होते, बाजारात नव्या गाड्या आल्या होत्या. पण शहरात सुटी नाणी मिळत नव्हती. म्हणून कॅम्पने शिक्का मारलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढल्या. कॅन्टीनचे सुटे त्यातच मिळत. जवानांना हातखर्चही त्यातच दिला जाई. गेटबाहेरचे भाटियाजी आपल्या एसटीडी बूथवर फोनच्या पैशांऐवजी त्या घेत.

त्या दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं. बाहेर जवानांची रांग होती, स्टेशनवर नेणारे ट्रक सुरू होते. एकाने शटरला हात घातला. मी त्याला मागे घेतलं.

"भाटियाजी, क्या हुआ?"

"सूबेदार साहब, सब जा रहे हैं. कल आप भी चले गए, तो ये कागज़ कौन लेगा?"

मी रेडिओ उचलला.

"कंट्रोल, गेट से. बूथवाला चिट नहीं ले रहा. ओव्हर."

"गेट, रुको. कॅप्टन साहब आ रहे हैं. आउट."

कॅप्टन साहेब चालत आले. "कॅम्प कहीं नहीं जा रहा. आज शाम सारी चिटें बदल दूँगा. मेरी ज़बान है."

भाटियाजींनी शटर वर केलं.

वेळ थोडा उरला होता. एकेकाला एकच मिनिट. शेवटी साताऱ्याचा लान्स नाईक संतोष खाडे. त्याच्या गावात फोन शेजाऱ्यांकडे होता. बायकोला बोलवायला कोणी तरी धावलं. मिनिट संपलं. ट्रकने हॉर्न दिला.

"साहेब, जाऊ का?" रिसीव्हर न सोडता त्याने विचारलं.

"थांब." मी ट्रकवाल्याला हात दाखवला. ट्रकमधले जवान घड्याळाकडे बघत होते.

ती फोनवर आली. "मी जातोय. जेवलीस का?" एवढंच बोलून त्याने फोन ठेवला आणि पळत ट्रक गाठला.

कॅप्टन साहेबांनी संध्याकाळी शब्द पाळला. संतोष मात्र लढाईतून परतला नाही.

पुढे रजेवर असताना मी त्याच्या घरी गेलो. पाणी देताना त्याची पत्नी म्हणाली, "त्या दिवशी फार घाईत होते का हो ते?"

"होय, वहिनी," मी म्हणालो. "पण तुम्ही येईपर्यंत त्याने फोन सोडला नाही."