डोहातला शिंपला

ओल्या गाळाचा वास आला की मला कयाधूचा डोह आठवतो. निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. हत्यारबंद टोळी गावाकडे येते आहे, असं भरदुपारी कळलं आणि काकू मला नि माझ्या धाकट्या भावाला घेऊन नदीकाठच्या लव्हाळ्यात लपली. भाऊ मुसमुसत होता. काकूची नजर सारखी वर दरडीकडे जात होती. त्याला गप्प करायला तिनं उथळ पाण्यातल्या एका शिंपल्याला बोट लावलं, तसा तो मिटला. "ह्यात जीव हाय, लेकरा. पानी आत घेतो, त्यातलं बारीक शेवाळ खातो अन् निवळलेलं पानी भाईर सोडतो. म्हून तर डोह साफ राहतो." "मग मिटला काहून?" भावानं कुजबुजत विचारलं. "भ्याला. तू गप बसला की उघडंल." तेवढ्यात दरडीवर घोड्यांच्या टापा वाजल्या. मी काकूच्या पदराआड तोंड लपवलं, पण भाऊ श्वास रोखून शिंपल्याकडेच बघत राहिला. टापा हळूहळू लांब गेल्या. "काकू, उघडला!" तो ओरडला, तेव्हा काकूनं त्याला छातीशी घट्ट धरलं आणि तिला रडू फुटलं. आता नातवंडांना शिंपल्याची ही गोष्ट सांगताना, टापांपाशी आले की माझा आवाज आपोआप खाली जातो.